सोंडेतून धार सोडणारा खानापूरचा मातीचा ऐरावत: घ्यावा का, आणि घेताना काय बघावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या कुंभारवाड्यांत भाजलेल्या मातीचा एक हत्ती मिळतो. पाठीवरची अंबारी झाकणासारखी उचलायची, आत तांब्याभर पाणी ओतायचं, आणि सोंडेच्या टोकातून धार खाली ठेवलेल्या लक्ष्मीवर किंवा पिंडीवर पडते. बेळगावच्या बाजारात गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत तो दिसतो, पण खानापुरात थेट कारखान्यावर घेतला तर स्वस्त पडतो आणि निवडायला मिळतो. हा आढावा तिथल्याच एका कारखान्याच्या मालाचा आहे. कारखान्याचं नाव देत नाही. आसपासच्या चार-पाच ठिकाणी त्याच साच्यातला माल आहे, आणि खालचे गुणदोष थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू होतात.

मालाचे तीन प्रकार आहेत: धारेचा ऐरावत, आठ दिग्गजांचा (आठ दिशा तोलणाऱ्या हत्तींचा) संच आणि हादग्याला भिंतीवर लावायची हत्तींची जोडी. खरा माल पहिलाच. त्यामुळे त्यावर जास्त लिहिलंय.

ऐरावत चौथऱ्यासकट साधारण ११ इंच उंच, कोरडा असताना दोन किलोच्या आसपास. चौथरा ४ इंचांचा, सोंडेचं टोक जमिनीपासून ५ इंचांवर. म्हणजे खाली ४ इंचांपर्यंतची मूर्ती आरामात बसते, त्याहून उंच मूर्ती असेल तर सोंड तिच्या मुकुटाला टेकते. पोटात पाऊण लिटर पाणी मावतं. दोन जाती आहेत. साध्या हत्तीत सोंडेची नळी पोटातून सरळ उताराने बाहेर येते. पाणी ओतताक्षणी धार सुरू, किंमत चारशे. दुसऱ्यात नळी पोटाच्या तळाशी सुरू होते, मानेतून वर गंडस्थळापर्यंत चढते आणि तिथून सोंडेत उतरते. त्याचे साडेसहाशे. पैसे असतील तर दुसराच घ्या.

कारण सांगतो. वासुदेव प्याला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे तत्त्व ठाऊक आहे: पाणी बाळकृष्णाच्या पायाला लागेपर्यंत पेला भरतो, आणि पाय लागला की सगळा रिकामा होतो. इथे कृष्णाच्या पायाचं काम हत्तीचं गंडस्थळ करतं. पाणी ओतत राहायचं, काहीच होत नाही. आतली पातळी गंडस्थळातल्या वळणाच्या वर गेली की एकदम धार सुटते, आणि मग ओतणं थांबवलं तरी पोट रिकामं होईपर्यंत थांबत नाही. भोक ५ मिलिमीटरचं असेल तर ही धार मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट टिकते. सुरुवातीला जोरात, शेवटी बारीक. अभिषेकाला एवढा वेळ पुरतो, श्रीसूक्ताच्या दोन-तीन ऋचा शांतपणे म्हणून होतात.

श्रीसूक्तातच लक्ष्मी हत्तींच्या नादाने जागी होते. गजलक्ष्मीच्या दोन्ही बाजूंना सोंडेत कलश धरून पाणी ओतणारे हत्ती असतात ते याच जातीतले. चालुक्य आणि कदंबांच्या काळातल्या देवळांत दाराच्या वरच्या पट्टीवर, ललाटबिंबावर, तीच कोरलेली असायची. खानापूर तालुक्यातल्याच हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात जाणाऱ्यांनी, दाराखालून आत शिरताना एकदा मान वर करायची सवय लावून घ्यावी. आपल्या भागातल्या जुन्या दारांवर कोण बसलंय हे कळतं.

ऐरावताचं पाण्याशी नातं याहून थेट आहे. तो सोंडेने पाताळातलं पाणी ओढून ढगांत भरतो आणि इंद्र ते खाली सोडतो, ही समजूत जुनी. त्याच्या हत्तिणीचं नाव अभ्रमू. हत्तींच्या शास्त्रावरच्या मातंगलीलेत तर सगळेच हत्ती पूर्वी आकाशात उडत होते. ते दीर्घतपा ऋषींच्या आश्रमातल्या वडाच्या फांदीवर बसले, फांदी मोडली, आणि ऋषींच्या शापाने त्यांचं उडणं गेलं. म्हणजे जमिनीवरचा हत्ती हा खाली उतरवलेला ढगच. पण सोंडेतून देवावर अभिषेक करायला थेट आधार हवा असेल तर तो भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. गोवर्धनाच्या प्रसंगानंतर वरमलेला इंद्र येतो, सुरभी गाय आपल्या दुधाने कृष्णाला न्हाऊ घालते आणि ऐरावताने सोंडेत आणलेल्या आकाशगंगेच्या पाण्याने इंद्र अभिषेक करतो. कृष्णाला गोविंद हे नाव तेव्हा मिळतं. म्हणून हा हत्ती लक्ष्मीपुढे चालतो तसा बाळकृष्णापुढेही चालतो, आणि गोकुळाष्टमीला त्याचं काम सगळ्यात चोख.

खोक्यात जी माहितीची चिठ्ठी घालून देतात तिच्यात मात्र ‘ऐरावताने गोकुळावर पाऊस पाडला’ असं छापलंय. हे चूक. भागवतात पाऊस पाडतात ते सांवर्तक नावाचे प्रलयकाळचे मेघ. इंद्र त्यांना सोडतो आणि ‘मीही ऐरावतावर बसून मरुद्गणांसह मागून येतो’ म्हणतो. वादळ मरुतांचं, पाणी मेघांचं, हत्ती स्वारीचा. वेदात तर कामं आणखी वाटलेली आहेत: वृत्राला वज्राने मारून अडलेलं पाणी मोकळं करणारा इंद्र, गडगडून बी रुजवणारा पर्जन्य, ठिपकेदार हरिणींच्या रथांतून येणारे रुद्रपुत्र मरुत. ऐरावत या चित्रात नंतर, पुराणांत येतो. तिथेही एकवाक्यता नाही. एकीकडे तो समुद्रमंथनातून निघतो, दुसरीकडे दुर्वासांनी दिलेली माळ इंद्राने त्याच्याच मस्तकावर ठेवल्यामुळे शाप मिळतो आणि त्या शापातून पुढे मंथन घडतं. चिठ्ठी छापणाऱ्याने एवढ्यात पडायची गरज नाही, पण मेघांचं श्रेय हत्तीला देऊ नये.

आता बनावट. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली आहे. इथे कौलांचे कारखाने झाले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती कुंभारकाम प्रशिक्षण संस्थाही खानापुरातच आहे, ते या मातीमुळेच. माती चिकट, लाल भाजणारी. नुसती वापरली तर वाळताना फार आकसते, दहा इंचाची वस्तू नऊवर येते. म्हणून तिच्यात पाचाला एक या मापाने बारीक चाळलेली वाळू घालतात. ती कमी पडली की तडा जातो, जास्त झाली की अंग खरखरीत होतं आणि पाणी जास्त झिरपतं. या कारखान्याचं प्रमाण बरोबर जमलेलं आहे. अंगठ्याने घासलं तर कण सुटत नाहीत.

पोट चाकावर मडक्यासारखं उतरवलेलं असतं, पाय आणि डोकं साच्यातून काढून जोडतात, सोंड हाताने. सोंडेतली नळी करायला आत एरंडाची किंवा जोंधळ्याच्या ताटाची काडी ठेवून तिच्यावर माती लपेटतात. भट्टीत काडी जळते, पोकळी राहते. पद्धत हुशारीची, पण राख आत उरते. नव्या हत्तीतून पहिल्या दोन-तीन वेळी काळपट पाणी येतं ते याचं. ते मूर्तीवर पाडू नका, मोरीत नेऊन चार तांबे ओता. राख वळणात बसली तर धार थेंबाथेंबाने येते. अशा वेळी तार घालायची नाही, वळणावर माती खरवडली जाऊन आत छिद्र पडतं. सोंडेचं टोक तोंडात धरून उलटी फुंकर मारली की बहुतेक वेळा मोकळं होतं.

सगळ्यात जास्त माल सोंडेत मार खातो. सोंड पातळ, पोट जाड. सोंड दोन दिवसांत वाळते, पोटाला आठवडा लागतो, आणि मध्ये ओढाताण होऊन दोन्ही जिथे मिळतात तिथे, म्हणजे डोळ्यांच्या खालच्या रेषेत, केसाएवढी चीर पडते. चांगला कारागीर सोंडेला ओलं फडकं गुंडाळून ठेवतो आणि सगळा हत्ती सावलीत आठ-दहा दिवस वाळवतो. घाईत उन्हात ठेवलेला माल ओळखायचा कसा? दुकानात हत्ती हातात घेऊन तोंडाच्या खालच्या बाजूला ओलं बोट फिरवा. चीर असेल तर पाणी तिथे काळी रेघ धरतं, बाकी अंगावर सारखं पसरतं. ‘अण्णा, जरा पाणी द्या, बघून घेतो’ म्हटलं की इथले लोक नाही म्हणत नाहीत. उलट स्वतःच तांब्या आणून देतात. जिथे टाळाटाळ होईल तिथून निघा.

काही जण सोंड मजबूत व्हावी म्हणून आत लोखंडी तार घालतात. हे वाईट. माती आकसते, तार आकसत नाही, तडा आतून जातो. वर्षभरात गंज बाहेर येऊन सोंडेवर तांबूस डाग पडतो. या कारखान्यात तार घालत नाहीत, पण बाजारात त्यांच्याच मालाशेजारी तारेचे हत्ती ठेवलेले असतात आणि ते लांबून सारखेच दिसतात. सोंडेच्या टोकाजवळ लोहचुंबक लावून पाहा. खिशातल्या पाकिटाचं चुंबकाचं बटणही चालतं.

भाजणीवर तक्रार नाही. पोटाला बोटाचं पेर मारलं की खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज म्हणजे कच्चा राहिलेला किंवा तडकलेला. पायाचा मात्र एका बाजूला टवका उडाला की काळा गाभा दिसतो. मातीत मिसळलेला काडीकचरा आतपर्यंत जळला नाही याची ती खूण. पाय भरीव ठेवल्याचा हा परिणाम. खालून पोकळ केले असते तर भाजणीही पूर्ण झाली असती आणि वजनही पावशेर उतरलं असतं. यावर कारागिरांचं म्हणणं असं की पोकळ पायाचा हत्ती गिऱ्हाइकाला हलका वाटतो आणि हलका म्हणजे कमअस्सल असा समज आहे. समज चुकीचा आहे, पण धंदा त्यांना करायचाय.

चार दातांचं बघा. ऐरावत चार दातांचा, पांढरा. दोन दात असतील तर तो कुठलाही हत्ती, आणि दुकानात दोन दातांचेही ‘ऐरावत’ म्हणून खपतात. इथे प्रत्येक बाजूला दोन असे चार दात आहेत ही जमेची बाजू. पण ते वेगळे करून नंतर चिकटवलेले. अंग बरंच वाळल्यावर ओला दात बसवला की दात आकसतो, खाच तशीच राहते, आणि भाजल्यावर दात हलायला लागतो. बोटाने हळूच दाबून चारही तपासा. अंग अर्धवट वाळलेलं असताना दोन्ही बाजू सुईने खरवडून, चिखलाचा घोळ लावून बसवले तर निघत नाहीत, हे कुंभाराला सांगायची गरज नसते. घाईची गरज असते, तीच नडते. जैन घरांतून जन्माभिषेकाच्या सोहळ्यासाठी ऐरावत नेतात तेव्हा अनेक मुखांचा मागतात, कारण त्या परंपरेत इंद्र बाळ तीर्थंकरांना अशा ऐरावतावर बसवून मेरूवर नेतो. तो सांगून करून घ्यावा लागतो, तयार मिळत नाही, आणि त्यात धारेची नळी बसत नाही.

पांढरेपणाचा प्रश्न जास्त गंभीर. दोन तऱ्हा आहेत. एकात भाजण्याआधी पांढऱ्या मातीचा पातळ हात देतात, तो अंगाबरोबर भाजला जातो आणि पाण्याने जात नाही, मात्र रंग दुधी न येता जरा पिवळसर येतो. दुसऱ्यात भाजलेल्या लाल हत्तीवर वरून खडूचा नाहीतर डिस्टेंपरचा पांढरा मारतात. दिसायला झकास, पण दोन अभिषेकांत पाणी दुधासारखं वाहतं आणि मूर्तीवर पांढरे ओघळ उठतात. ओलं बोट घासून पांढरं लागलं तर सोडून द्या. ऑइलपेंटचा तर मुळीच घेऊ नका. या मातीच्या अंगातून पाणी पाझरतंच. बाहेर रंगाचा पापुद्रा असला की ओल त्याच्या मागे अडकते, फुगे येतात, आणि पावसाळा संपेपर्यंत हत्तीला खवले निघालेले असतात.

पाझरण्याबद्दल तक्रारी ऐकू येतात की ‘हत्ती गळतो’. बहुतेक वेळा तो गळत नसतो. भाजलेली कोरडी माती आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त पाणी पिते. दोन किलोचा हत्ती पहिल्याच दिवशी पाव लिटर गट्ट करतो. मग पाऊण लिटर ओतूनही पातळी गंडस्थळापर्यंत चढत नाही आणि ‘याची धार सुरूच होत नाही’ म्हणून लोक परत आणतात. आदल्या रात्री बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. सकाळी धार लगेच लागते. खाली ताम्हन ठेवा, कारण अंग घामेजणारच.

धार लागण्यात आणखी दोन गोम आहेत. एक, पाणी बारीक धारेने ओतू नका. हळू ओतलं तर पाणी वळणावरून नुसतं ओघळून जातं, नळी पूर्ण भरत नाही, आणि हत्ती लाळ गाळल्यासारखा दिसतो. शेवटचा अर्धा तांब्या एकदम ओता. दुसरी, अंबारीचं झाकण. ते घट्ट बसलं तर आत हवा शिरत नाही आणि चालू धार मध्येच तुटते. चांगल्या नगाला अंबारीच्या कळसाखाली काडी जाईल एवढं छिद्र असतं. नसेल तर झाकण किंचित तिरपं ठेवायचं. घरी ड्रिलने भोक पाडायला जाऊ नका.

पंचामृत या हत्तीत घालायचं नाही, फक्त पाणी. दूध मातीत मुरलं की चार दिवसांत आंबूस वास येतो आणि तो जात नाही, तूप वळणात थिजतं, मधावर मुंग्यांची रांग लागते. पंचामृत पळीने घाला आणि शेवटचा शुद्धोदकाचा अभिषेक हत्तीने करा. साबणही नको. वापर झाला की उलटा करून, झाकण काढून, वाऱ्यावर पूर्ण वाळवायचा. अथणी, रायबागकडे बोअरचं पाणी जड असतं, सोंडेच्या टोकाशी पांढरा क्षार जमून भोक आकसतं. तिकडच्या लोकांनी पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं.

दिग्गजांचा संच अठराशेला आठ. प्रत्येक हत्ती चार इंची, धारेविना, चौथऱ्यावर नाव. वास्तुशांतीला आणि कोनाड्यात मांडायला लोक घेतात. घडण नीट, पण नावांत घोळ. आमच्या पाहण्यातल्या संचांत वामन आणि अंजन यांच्या दिशा उलटसुलट लिहिलेल्या होत्या. अमरकोशातला क्रम पूर्वेपासून प्रदक्षिणेने असा: ऐरावत पूर्वेला, पुंडरीक आग्नेयेला, वामन दक्षिणेला, कुमुद नैर्ऋत्येला, अंजन पश्चिमेला, पुष्पदंत वायव्येला, सार्वभौम उत्तरेला, सुप्रतीक ईशान्येला. पश्चिम ही वरुणाची दिशा, आपल्याकडचा पाऊसही तिकडूनच घाट चढून येतो, तेव्हा निदान तिथला हत्ती तरी बरोबर हवा. नावाची पट्टी ओली करून काढता येते, बदलून लावा. आठ जणांत ऐरावतालाही दोनच दात दिलेत, ही कंजुषी कळली नाही. जागा किंवा पैसे कमी असतील त्यांनी चारच मागावेत. वाल्मीकिरामायणात सगरपुत्र पृथ्वी खणत जातात तेव्हा त्यांना चारच दिशांचे हत्ती भेटतात: पूर्वेला विरूपाक्ष, दक्षिणेला महापद्म, पश्चिमेला सौमनस, उत्तरेला भद्र. विरूपाक्ष थकून मान हलवतो तेव्हा भूकंप होतो. चारांचा संच सांगितला तर करून देतात, नावं मात्र कागदावर लिहून द्या.

हादग्याची जोडी अडीचशेला. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, की परतीचा पाऊस गडगडाट करत येतो आणि पोरींचा हादगा बसतो. भिंतीवर समोरासमोर तोंड केलेले दोन हत्ती, वर फळांची माळ. कागदी चित्रापेक्षा ही उठावाची मातीची जोडी देखणी आहे, पण टांगायचं छिद्र कडेला फार जवळ पाडलंय. नुसती जोडी टांगली तर टिकेल. फळांची माळ त्याच खिळ्याला अडकवली तर कड तुटून हत्ती खाली. माळेला वेगळा खिळा मारा.

खोक्यातल्या चिठ्ठीच्या मागे नक्षत्रांची वाहनं छापलीयत आणि ‘हत्ती वाहन असेल तर भरपूर पाऊस’ असं ठासून सांगितलंय. वाहन काढायची रीत सोपी आहे. सूर्य पावसाच्या नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, शून्य उरली तर हत्ती. सूर्य मृगात शिरताना चंद्र श्रवणात असेल तर मोजणी १८ येते, बाकी शून्य, वाहन हत्ती. या हिशोबात गावाचं नाव कुठेच येत नाही. म्हणजे घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला जो हत्ती तोच अथणीला. एकीकडे जूनपासून कौलं वाळत नाहीत, दुसरीकडे त्याच जिल्ह्यात टँकर फिरतात. चिठ्ठी पूजेच्या हौसेला ठीक, पेरणी तिच्यावर ठरवू नका.

गजगौरीच्या व्रताला हत्ती हवा असेल तर वरच्यापैकी एकही चालणार नाही. गांधारीने मातीचा भला थोरला हत्ती पुजला, कुंतीला बोलावलं नाही, मग अर्जुनाने बाणांची वाट करून खुद्द ऐरावतच खाली उतरवला, ही त्यामागची लोककथा. व्यासांच्या महाभारतात ती शोधू नका, पण आपल्याकडे आणि कन्नड मुलखात घरोघर सांगतात. त्या पूजेतला हत्ती विसर्जनाचा असतो, आणि भाजलेली माती विरघळत नाही. विहिरीत नाहीतर तळ्यात टाकला तर तळाशी खापर होऊन पडतो. कच्च्या मातीचा मागा. मण्णेत्तिन अमावास्येला, म्हणजे ज्येष्ठी अमावास्येला, हेच कुंभार कच्च्या मातीचे बैल करतात, त्याच वेळी सांगून ठेवलं तर पाच इंची हत्ती करून देतात. तो कच्चा असल्याने त्याच्यावर पाणी ओतायचं नाही, फुलाने शिंपडायचं. बादलीत ठेवला की रात्रीत गाळ होतो, तो तुळशीत घाला. वाळू मिसळलेली माती थोडी उशिरा विरघळते, इतकंच.

खरेदीची वेळ हा शेवटचा मुद्दा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. हत्तीची गरज भाद्रपद-आश्विनात, पण तो घडवायचा हंगाम फेब्रुवारी ते मे. जूननंतर हवेत ओल असते, पोटातली माती आतून वाळत नाही, आणि असा दमट हत्ती भट्टीत घातला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. शेजारचे दोन नगही घेऊन जातो. उघड्या भट्टीवर पावसाची सर आली तर पूर्ण भट्टीच गेली. त्यामुळे सप्टेंबरात दुकानात दिसतो तो उन्हाळ्यातला उरलेला माल, चांगले नग आधीच उचललेले. मोठी मागणी, अनेक मुखांचा ऐरावत किंवा चारांचा संच हवा असेल तर अक्षय्यतृतीयेच्या आत सांगा, निम्मे पैसे आगाऊ द्यावे लागतात. नेताना हत्ती पोटाखाली हात घालून उचला, सोंडेला धरून कधीच नाही. अंबारी वेगळी बांधून घ्या, खोक्यात कागदाऐवजी भाताची पिंजर ठासून भरायला सांगा, आणि सोंडेखाली पिंजरीची वळी जास्तीची. बसने येणाऱ्यांनी खोकं वरच्या फळीवर ठेवू नये, मांडीवर घ्यावं.